शहामृगांचा खानदेश

मेहरूणच्या तलावाकाठी फिरायला येणाऱ्या जळगावकराला ‘इथं शहामृगं होती’ असं सांगितलं, तर तो आधी हसेल आणि मग पुरावा मागेल. पुरावा आहे, आणि तोही जिल्ह्यातलाच. जळगावहून शंभरेक किलोमीटरवर, चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीचं मंदिर, जवळची पितळखोऱ्याची लेणी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा इ. स. १२०७ चा शिलालेख यांमुळे ते बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच गावाच्या मातीत शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास पाटण्यात उत्खनन केलं. एकावर एक साचलेल्या थरांत मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतची हत्यारं क्रमानं मिळाली. गारगोटीच्या जातीच्या रंगीत दगडांची लांबट पाती, टोकदार कोरण्या आणि त्यांच्या सोबतीला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे. काही तुकड्यांचे गोल मणी केलेले होते. एका तुकड्यावर समांतर रेघा ओढून त्यांच्या मधल्या पट्ट्यांत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी कोरलेली होती. त्या थराचं वय कार्बन पद्धतीनं सुमारे २५,००० वर्षं निघालं. भारतातल्या कलेच्या सर्वांत जुन्या आणि निर्विवाद नमुन्यांत या बोटभर तुकड्याची गणना होते.

‘निर्विवाद’ या शब्दाला इथं वजन आहे. राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात शहामृगाच्या कवचाचे तुकडे चाळीसहून अधिक ठिकाणी सापडले आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर रेघा दिसतात. पण मातीत गाडलेल्या कवचाला झाडाची बारीक मुळं चिकटतात, त्यांच्यातून पाझरणारी आम्लं चुन्याचं कवच खात जातात आणि नक्षीसारखे चर उमटतात. भिंगाखाली पाहिलं की मुळानं खाल्लेला चर गोलसर आणि वेडावाकडा दिसतो, तर दगडी कोरणीनं ओढलेली रेघ सरळ आणि धारदार कडांची असते. या परीक्षेत इतर बऱ्याच तुकड्यांवरची ‘नक्षी’ निसर्गाची निघाली. पाटण्याचा तुकडा टिकला.

एवढा मोठा पक्षी इथं काय करत होता?

शहामृग आज फक्त आफ्रिकेत रानटी अवस्थेत उरलं आहे. नर अडीच मीटरपर्यंत उंच, वजन शंभर ते दीडशे किलो, पायाला दोनच बोटं आणि पळण्याचा वेग तासाला सत्तर किलोमीटरच्या घरात. उडता न येणाऱ्या प्राण्याला एवढी उंची आणि एवढा वेग कशासाठी लागतो, याचं उत्तर त्याच्या मुलखात आहे. जिथं नजर लांबवर पोचते, लपायला झाडी नसते आणि शिकारी प्राणी दुरून दिसतो, तिथं उंच मान आणि वेगवान पाय हेच संरक्षण. दाट जंगलात हे दोन्ही गुण निरुपयोगी. म्हणून एखाद्या ठिकाणी शहामृगाचं कवच मिळालं, की त्या काळचा तिथला मुलूख गवताळ, मोकळा आणि बऱ्यापैकी कोरडा होता, असं मानायला मोठा आधार मिळतो.

त्याचं खाणंपिणंही अशाच मुलखाला साजेसं. गवताचे कोंब, पाला, बिया, शेंगा आणि अधूनमधून टोळ असं तो खातो. दात नसल्यामुळे खडे गिळतो आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी अन्न दळतो. पाणी मिळालं तर पितो, पण रसदार वनस्पतींवर बरेच दिवस काढू शकतो. एप्रिल-मे महिन्यांतला खानदेश आणि तिथलं पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारं ऊन आठवलं, तर या पक्ष्याला इथं परकं वाटलं नसेल, हे पटतं.

घरट्याची त्याची रीत तर अजब. नर जमिनीत उथळ खड्डा उकरतो आणि त्यात अनेक माद्या अंडी घालतात. त्यांतली मुख्य मादी आपली अंडी मधोमध ठेवते आणि इतरांची कडेला सारते. कोल्हा किंवा तरस आलाच तर आधी कडेची जातात. दिवसा मातकट रंगाची मादी अंड्यांवर बसते, रात्री काळा नर. दोघंही आपापल्या पाळीत आसपासच्या रंगात मिसळून जातात. साधारण सहा आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात.

आता माणसाच्या बाजूनं पाहू. एक अंडं जवळपास दीड किलोचं, म्हणजे कोंबडीच्या दोन डझन अंड्यांइतकं अन्न. उरलेलं कवच दोन मिलिमीटर जाड, चिनीमातीसारखं गुळगुळीत आणि भक्कम. दक्षिण आफ्रिकेच्या कलाहारी भागातले सान लोक अलीकडच्या काळापर्यंत त्याला भोक पाडून, त्यात पाणी भरून ते वाळूत पुरून ठेवत. त्याच देशातल्या डीपक्लूफ नावाच्या गुहेत सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीची कोरीव कवचं मिळाली आहेत. फुटक्या कवचाचा मणी करायचा तर आधी तुकडा ठोकून साधारण गोल करायचा, दगडी टोकानं मधे भोक पाडायचं आणि कडा घासून गुळगुळीत करायच्या. भोपाळजवळच्या भीमबेटका इथल्या एका दफनात मृताच्या गळ्यापाशी असे मणी मिळाले. म्हणजे हे दागिने होते, आणि माणसाच्या अंगावर ते त्याच्या मरणानंतरही राहू दिले जात.

हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच भाऊबंद होता की वेगळाच कुणी, हा प्रश्न बरीच वर्षं उघडा होता. कारण हाडं फारच कमी मिळतात, मिळतात ती कवचं. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या गटानं राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कवचांमधून प्राचीन डीएनए मिळवला. उष्ण देशात डीएनए लवकर नासतो. हाडात तर तो सहसा उरतच नाही. पण कवचाच्या चुन्याच्या स्फटिकांत अडकलेले अंश टिकून राहिले होते. ते आजच्या आफ्रिकी शहामृगाच्या डीएनएशी जवळचं नातं दाखवत होते. त्या अभ्यासातल्या नमुन्यांचं वयही २५,००० वर्षांच्या आसपासचं किंवा त्याहून जुनं होतं. पाटण्याच्या थराशी हे वय चांगलं जुळतं.

त्याआधी डायनासोरचं काय?

प्राचीन प्राण्यांचा विषय निघाला की मुलं पहिल्यांदा डायनासोरबद्दल विचारतात. मेहरूणच्या जमिनीत डायनासोर का सापडत नाहीत, याचं कारण तिथल्या दगडातच आहे. खानदेशच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचा आहे. एकावर एक पसरलेल्या या थरांखाली आधीची जमीन गाडली गेली. जिथं तिच्यावरचा पाषाण झिजला आहे किंवा मुळातच पातळ होता, तिथं डायनासोर उघडे पडतात.

महाराष्ट्रात अशी जागा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याकडचं पिसदुरा आणि जवळचं डोंगरगाव ही गावं जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना माहीत आहेत. १९८० च्या दशकात डोंगरगावच्या टेकडीवर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खोदून काढला. त्याला पुढं ‘इसीसॉरस’ असं नाव मिळालं. त्यातली पहिली अक्षरं त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. पिसदुऱ्याला दुसरी गोष्ट मिळते, ती म्हणजे दगड झालेली विष्ठा.

या विष्ठेनं २००५ साली विज्ञानाला धक्का दिला. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात वनस्पतींचे सूक्ष्म वाळूकण शोधले. अनेक वनस्पती आपल्या पेशींत सिलिकेचे कण साठवतात आणि कित्येक कुळं त्या कणांच्या आकारावरून ओळखता येतात. त्यांत गवताचे कण निघाले, तेही एकाच जातीचे नव्हे तर गवताच्या अनेक शाखांचे. तोवर समज असा होता की डायनासोर संपले आणि त्यानंतर बऱ्याच काळानं गवत पसरलं. विदर्भातल्या या शेणानं गवताचा इतिहास मागं नेला. त्या वेळी गवत मुख्य अन्न नव्हतं, पाल्यासोबत थोडंफार तोंडी लागत होतं. पुढच्या कोट्यवधी वर्षांत मात्र याच गवतानं मोठमोठे प्राणी पोसले. पाटण्याच्या शहामृगाचे शेजारी त्यांतलेच.

गवतावरचं मोठं कुटुंब

सातपुड्याच्या पलीकडं नर्मदेच्या खोऱ्यात, आणि दक्षिणेला गोदावरी-मांजरेच्या काठांवर, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत या शेजाऱ्यांची हाडं मिळतात. दोन्हींच्या मधे तापीचं खोरं आहे. नर्मदेकाठी सगळ्यांत आधी, एकोणिसाव्या शतकात, जी हाडं अभ्यासली गेली, त्यांवरून अनेक प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत ‘नमाडिकस’, म्हणजे नर्मदेचा, हे विशेषण आलं.

त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे सरळ सुळ्यांचा हत्ती. खांद्यापाशी चार मीटरहून उंच, आणि काही अभ्यासकांच्या हिशेबानं त्याहूनही बराच जास्त. कवटीच्या माथ्यावर हाडाची जाड कड कपाळावर झुकलेली असे, कारण एवढं जड डोकं पेलायला मानेच्या स्नायूंना तेवढा मोठा आधार लागत होता. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळात या हत्तीची कवटी मिळाली आणि भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ साली तिच्याबद्दल लिहिलं. आज तिथलं पक्षी अभयारण्य पाहायला लोक जातात, पण हत्तीची आठवण कुणी काढत नाही.

या हत्तीचं जेवण त्याच्या दाढेवरून कळतं. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली ठोकळी. पट्टीच्या कडेचं लुकण कठीण असतं आणि मधला भाग मऊ, त्यामुळे झिजताना कड वर राहते आणि दाढेचा माथा टाकी मारलेल्या पाट्यासारखा खरखरीत होतो. जितक्या जास्त पट्ट्या आणि जितकी उंच दाढ, तितकं जास्त गवत दळायची ताकद, कारण गवतातली वाळू दाताला झिजवते. आयुष्यात हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशा सहा दाढा एकामागून एक मिळतात, मागून पुढं सरकत. सहावी झिजली की खाणं थांबतं.

त्याच काळात स्टेगोडॉन नावाचा हत्तीचा लांबचा नातलगही वावरत होता. त्याच्या दाढा ठेंगण्या आणि कमी पट्ट्यांच्या. हा मुख्यतः पाला खाणारा. त्याच्या हिमालयाच्या पायथ्याकडच्या एका जातीचे सुळे एकमेकांच्या इतके जवळ होते, की सोंड दोघांच्या मधून खाली सोडता येत नसावी, ती बाजूनं टाकावी लागत असावी. फाल्कनर आणि कॉटले या संशोधकांनी त्या जातीच्या नावात गणपती घातला. दोन हत्ती एकाच मुलखात नांदतात तेव्हा एक गवत सांभाळतो आणि दुसरा झाडं. एकाच तालुक्यात दोघांचं पोट भरतं ते अशा वाटणीमुळे.

नदीत पाणघोडे होते. आजच्या आफ्रिकी पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात चार, भारतातल्याच्या जबड्यात सहा. दिवसभर डोहात डुंबायचं आणि रात्री बाहेर येऊन काठावरचं गवत खायचं, हा पाणघोड्याचा आजचा दिनक्रम. रात्री खाल्लेलं गवत दिवसा शेण होऊन पाण्यात पडतं आणि त्यावर किडे, मासे, पक्षी जगतात. म्हणजे काठावरच्या गवताचं सत्त्व नदीत नेऊन टाकणारा हा हमालच. त्याला हवा असतो बारमाही, खोल डोह. जिथं पाणघोड्याचं हाड, तिथं त्या काळी वर्षभर टिकणारं पाणी होतं, हा सरळ हिशेब.

काठावर भलामोठा रानबैल चरत होता. त्याची शिंगं आजच्या खिल्लाराला लाजवतील अशी. त्याच्या सोबतीला रानघोडे, हरणं आणि गवे. रानबैल एका अर्थानं संपला नाही. आजच्या बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या परिसरात आठेक हजार वर्षांपूर्वी याच्याच वंशातल्या जनावरांना माणसानं दावणीला बांधलं आणि आपली वशिंडाची गुरं घडली. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या शिंगांना रंग लावतो तो बैल म्हणजे त्या काळच्या गवताळ खानदेशाचा वारसदार. युरोपातल्या रानबैलाची शेवटची गाय १६२७ साली पोलंडमध्ये मेली. तिथला रानवंश कधी संपला याची नोंद आहे, आपल्याकडची नोंद हाडांवरून जुळवावी लागते.

ते गेले कसे?

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी हिमयुगाच्या ऐन कडाक्यात होती. ध्रुवांकडं बर्फ साठलं, समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेला आणि मोसमी पाऊस कमजोर पडला. नद्यांचे डोह आटले. याचा पहिला फटका पाणघोड्याला बसला असणार, कारण त्याला पाण्यावाचून दुसरी सोय नाही. भारतातल्या पाणघोड्याचा आतापर्यंतचा सर्वांत अलीकडचा पुरावा मध्य प्रदेशातला आणि जवळपास सोळा हजार वर्षांपूर्वीचा आहे.

शहामृगाला कोरडेपणाचं एवढं भय नव्हतं. त्याच्या बाबतीत संशय माणसावर अधिक जातो. अंडी उघड्यावर, घरटं जमिनीवर आणि एका घरट्यात अनेक माद्यांची अंडी. माणसाला एक घरटं सापडलं की अनेक माद्यांचा हंगाम बुडतो. ऑस्ट्रेलियात अशाच एका मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याची भाजल्यासारखी कवचं मिळाली आहेत आणि माणसानं अंडी खाऊन त्याला संपवलं का, यावर अजून वाद आहे. पुढं पाऊस पुन्हा वाढला, झाडी दाटली आणि मोकळी जागा कमी झाली. शहामृगाला या सगळ्याचा मिळून मार बसला असावा.

२०२१ साली अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या या विलुप्तीचा हिशेब मांडला. त्यांना दिसलं की मोठे प्राणी जाण्याची सुरुवात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून झाली. सरळ सुळ्यांचा हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि रानघोडा गेले, शहामृग इथून नाहीसं झालं. तरीही अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत आपलं नुकसान कमी. तिथं माणूस अचानक आला आणि त्याची ओळख नसलेले प्राणी झपाट्यानं संपले. इथं माणसाच्या पूर्वजांचा वावर लाखो वर्षांचा होता. दगडी हत्यार हातात घेतलेल्या शिकाऱ्याला कसं चुकवायचं, हे इथले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले होते. म्हणून आपल्याकडं हत्ती, गेंडा, गवा आणि वाघ उरले.

उरलेलं गवत

मोठे प्राणी गेले तरी त्यांच्यासोबत वाढलेली झाडं राहतात. मेहरूणची बोरं राज्यभर नावाजलेली आहेत, पण रानबोर, बाभूळ, हिवर, हिंगणबेट ही सगळी उघड्या, कोरड्या माळाची मंडळी. चरणाऱ्या तोंडांना आवर घालायला काटे, आणि त्याच तोंडांकरवी बी दूर पोचवायला गोड गर किंवा पौष्टिक शेंग, असा त्यांचा दुहेरी कारभार असतो. आफ्रिकेत हत्ती हिंगणबेटाच्या कुळातली फळं गिळतात आणि कोय शेणातून दूरवर टाकतात. खानदेशात हे काम आता शेळ्या-मेंढ्या, कोल्हे आणि माणसं करतात.

माळावरचे प्राणीही अजून पुरते संपलेले नाहीत. चिंकारा, लांडगा, खोकड आणि शहामृगानंतर या माळांचा सर्वांत मोठा पक्षी माळढोक. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, जमिनीवर घरटं करतो आणि मादी हंगामात सहसा एकच अंडं घालते. देशभरात मिळून आता दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि तेही बहुतांश राजस्थानात. शहामृगाला जो धोका होता तोच याला आहे, फक्त अंडी गोळा करणाऱ्याच्या जागी आता नांगर, वीजतारा आणि भटकी कुत्री आली.

त्यात भर आपल्या एका गैरसमजाची. सात-बारावर ज्याला पोटखराबा म्हणतात आणि सरकारी कागदात पडीक, त्या माळाला आपण बिघडलेलं जंगल समजतो आणि त्यावर झाडं लावून पुण्य मिळवतो. पाटण्याचं कवच सांगतं की पंचवीस हजार वर्षांपूर्वीही इथं मोकळा माळ होता, म्हणजे प्रत्येक माळ हे बिघडलेलं जंगल नसतं. सलग झाडी उभी केली तर माळढोकाची लांब नजर आणि चिंकाऱ्याची धाव दोन्ही वाया जातात.

यातलं खूप काही अजून सापडायचं आहे. नर्मदा आणि गोदावरीच्या मानानं तापीकाठची जीवाश्मांची यादी तोकडी आहे. याचं कारण प्राणी नव्हते असं नसून शोध कमी झाला, हे असण्याची शक्यता जास्त. रावेर-यावलकडच्या केळीच्या पट्ट्यात तापीच्या गाळाची जाडी शंभर मीटरहून अधिक भरते, आणि विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या खोदाईत या गाळातून चुनखडीचे गोटे, शिंपले, क्वचित जड झालेली हाडं वर येतात. ढिगाऱ्यात पडलेला असा तुकडा जिभेला किंचित चिकटला, नेहमीच्या हाडापेक्षा जड वाटला, तर तो फेकून द्यायचा नाही. धुवायचा नाही, चिकटवायचा नाही. किती खोलीवर आणि कुठल्या रंगाच्या मातीत मिळाला ते कागदावर लिहायचं, मातीसकट फोटो काढायचा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला, पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवायचं. खोली आणि माती माहीत नसलेलं हाड शोभेची वस्तू असतं. ती माहिती सोबत असली, तर तेच हाड तापीकाठच्या इतिहासातलं एक पान भरू शकतं.